आबांच्या कॅनमधली थंडी

डावा हात कोपरात वाकवून बाळाला घेतलं, की त्याचं डोकं जिथे टेकतं, बरोबर तिथे मला ती पुळी आली. अंगावर एवढी जागा पडलेली असताना तिला हीच सापडली. तेव्हा मला चौथा महिना होता आणि आम्ही राजस्थानात कालव्याकाठच्या एका वस्तीत राहत होतो. माझा नवरा प्रशांत तिथे ठिबक सिंचनाच्या कामावर देखरेख करतो. संध्याकाळी वाळू जरा निवली की मी बाह्या दुमडून ओसरीवर बसायची. डास चावला असेल म्हणून खाजवलं आणि विसरून गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून प्रशांतने मला असोद्याला आणून सोडलं तोवर पुळीचा चांगला रुपयाएवढा फोड झाला होता. कडा उचललेल्या, मध्ये खड्डा, वर खपली. खपली निघायची, पुन्हा धरायची. गावातल्या डॉक्टरांनी गजकर्णाचं मलम दिलं, ते मी इमानदारीने लावलं. फोडाने त्याला काडीची किंमत दिली नाही.

गंमत म्हणजे तो दुखत नव्हता. लग्नाआधी मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे ‘असं का?’ विचारायची खोड अंगात मुरलेली. एवढा खड्डा पडलाय आणि दुखत कसा नाही? मी रोज खिडकीशी बसून मोबाईलने त्याचे फोटो काढायची. मायला ते अजिबात आवडायचं नाही. ती म्हणायची, “लोकं पोटाचे फोटू काढता, तू फोडाचे काढ.”

अक्का येतात

भडगावहून सासूबाई मला बघायला आल्या. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. अक्का मनाने वाईट नाहीत, पण पोटातलं त्यांच्या ओठावर यायला वेळ लागत नाही. त्यांनी माझा हात लांबूनच पाहिला.

“दुखस का?”

“नाही हो अक्का, अजिबात नाही.” मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांचा चेहरा पडला. “दुखत नही? मंग तर भ्यावासारखंच शे. महारोग बी दुखत नही.”

मायने हातातला चहाचा ट्रे तसाच खाली टेकवला. मी समजावायला गेले, की सुन्न असणं वेगळं आणि न दुखणं वेगळं. हे बघा, टाचणी टोचली तर मला कळतंय. मी खरोखरच टाचणी टोचून दाखवली. पण अक्कांनी पदर नाकाशी धरला तो धरलाच. निघताना त्या मायला म्हणाल्या, “घाव बठस नही तवलोंग लेकरू मनाजोडे ऱ्हाई. वरनं दूध पाजसूत.”

घाव भरत नाही तोवर बाळ त्यांच्याजवळ राहणार. वरचं दूध पिणार. त्यांनी हे भांडून सांगितलं नाही, काळजीनेच सांगितलं, आणि म्हणून मला जास्त धडकी भरली. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्या दिवसापर्यंत फोड हे माझ्यासाठी एक कोडं होतं. आता त्याच्यावर माझं बाळ पणाला लागलं होतं.

काचेखाली

जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी फोड नीट पाहिला, “राजस्थानात कुठे होतात?” एवढंच विचारलं आणि धुळ्याच्या एका डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या शिकायला राजस्थानात होत्या, असे फोड त्यांनी पुष्कळ पाहिलेले. मी आणि माझे वडील, आबा, एसटीने धुळ्याला गेलो.

मॅडमनी फोडाची कड पात्याने हलकेच खरवडली, ते काचपट्टीवर पसरवलं आणि तपासायला पाठवलं. दुपारी बोलावून म्हणाल्या, “लेशमानियासिस. त्वचेतला. वाळूमाशी चावली की एक परजीवी कातडीत शिरतो, त्याचं हे घर.”

“मला बघता येईल?”

त्या हसल्या. हा प्रश्न त्यांना रोज विचारला जात नसावा. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. मोठमोठ्या पेशींमध्ये खसखशीसारखे दाणे भरलेले होते. शाळेत मी मुलांना कांद्याची साल दाखवायची आणि ती कंटाळायची. हे मात्र माझ्याच हातातलं होतं. मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण आधी वाटलं ते नवल. इतके दिवस ज्याला फोड म्हणत होते तिथे कुणीतरी राहत होतं.

आबा मागे उभे होते. त्यांचा पहिला प्रश्न, “हात लावल्यानं होते का?”

“नाही. माशीशिवाय होत नाही,” म्हणत मॅडमनी आबांना दिसेल असा माझा हात स्वतःच्या हातात धरला. “आणि हा महारोगही नाही.”

नेहमीची इंजेक्शनं पोटात बाळ असताना द्यायची नाहीत, असं त्यांनी सांगितलं. थांबलं तर फोड पुष्कळदा आपोआप भरतो, पण त्याला वर्षही लागू शकतं. वर्ष म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर अक्कांचा पदर आला. मी विचारलं, “औषधाशिवाय काहीच नाही?”

“आहे ना. उष्णता किंवा थंडी.”

मी पुढे सरकून बसले. मॅडमनी सांगितलं, की या परजीवीला आतल्या शरीराची ऊब सोसत नाही, म्हणून तो कातडीत राहतो. कातडी त्यामानाने थंड. म्हणून मोजून-मापून उष्णता दिली तर तो मरतो. त्याचं यंत्र राजस्थानात आहे, इथे नाही, आणि मला आता एवढा प्रवास नको. आमच्या शेजारच्या काकूंनी आधीच सुचवलं होतं, की उलथणं तापवून डाग द्या. तेही मी मॅडमना विचारून टाकलं.

“उलथण्याला कातडी कळत नाही,” त्या म्हणाल्या. “ते वरचं जाळेल आणि खालचे तसेच राहतील.”

“पण त्याला थंड आवडतं, तर थंडीने कसा मरेल?”

“तुम्हाला थंडी आवडते का?”

“हो.”

“बर्फात गोठायला आवडेल?”

द्रवरूप नायट्रोजनने फोड गोठवायचा, पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फुटतात. बाळाला त्याचा त्रास नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी आधीच बजावली. आपल्या सावळ्या कातडीवर त्या जागी पांढरा डाग राहू शकतो, लोक त्याला कोड समजतात. मी म्हटलं, राहू दे. पण दवाखान्यातला नायट्रोजन संपला होता. पुढच्या आठवड्यात या, म्हणाल्या.

नायट्रोजन शब्द ऐकल्यापासून आबा खुर्चीत चुळबुळत होते, ते मी पाहत होते.

घरचं औषध

आबांचा धंदा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते गाई-म्हशी भरवतात, म्हणजे कृत्रिम रेतनाने गाभण करतात. चांगल्या वळूचं रेत भरलेल्या बारीक कांड्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवून ठेवलेल्या असतात. शेतकऱ्याचा फोन आला, की आबा मोटारसायकलला कॅन बांधून गोठा गाठतात. कॅनच्या तोंडातून पांढरी वाफ सांडत असते. लहानपणी मी हट्ट केला की ते जास्वंदीचं फूल चिमट्याने कॅनमध्ये बुडवायचे आणि ओट्यावर टाकायचे. फुलाचा काचेसारखा चुरा व्हायचा. मी विज्ञानाकडे वळले ती त्या फुलापायी.

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत आबा खिडकीबाहेर बघत होते. मग आबा म्हणाले, “दवाखान्यातलं संपलं म्हने. आपल्या घरी तं भरलेलं हाये.”

मीही तोच विचार करत होते. त्यांनी मला भरीस पाडलं असं कुणी समजू नका. मला त्यांच्यापेक्षा जास्त घाई होती, बाळाची आणि खरं सांगायचं तर बघायचीही. तीच थंडी, तोच नायट्रोजन, मग कॅन धुळ्यातला असला काय आणि असोद्यातला असला काय?

दुसऱ्या दिवशी माय शेतात गेल्यावर आम्ही कार्यक्रम उरकला. आबांनी काडीला कापूस गुंडाळला आणि कॅनमध्ये बुडवला. जन्मभराची सवय अशी, की कॅनमधून वस्तू काढली की तिची थंडी वाया जाऊ द्यायची नाही. त्यांनी कापूस चांगला निथळता भिजवला आणि फोडावर दाबून धरला. फोड पांढराफटक झाला. आधी जळल्यासारखं वाटलं, मग काहीच वाटेना. एक ओघळ मात्र कोपरापासून मनगटाकडे पळाला आणि जाईल तिथे पांढरी रेघ ओढत गेला.

“बस, आबा!”

त्यांनी काडी उचलली आणि लगेच माझा हात ओढून शेजारच्या कोमट पाण्याच्या भांड्यात धरला. भांडं त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं. कांडी बाहेर काढली की ती कोमट पाण्यात, हा त्यांच्या कामाचा नियम. तिथे माझा हात आहे की कांडी, एवढा फरक करायला त्यांना वेळ झाला नाही. मलाही ते तेव्हा शहाणपणाचंच वाटलं, कारण हाताला बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत द्राक्षाएवढा पाण्याचा फोड टरारला. ओघळाच्या रेघेवर छोट्या फोडांची माळ उठली. मायने हात पाहिला, आबांकडे पाहिलं आणि कॅनकडे पाहिलं. “म्हशीचं औषध पोरीले लावलं?” एवढंच म्हणाली. आबांनी मान वर केली नाही. चौथ्या दिवशी हातात पू झाला आणि मला ताप भरला.

वॉर्ड

धुळ्याला नेताना मी जीपमध्ये पोटावर हात ठेवून बसले होते. बाळ हलतंय का, एवढंच बघत होते. ते हलत होतं, पण तापात मला भरवसा वाटेना. माझी सगळी जिज्ञासा तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे. मी फक्त घाबरलेली होते, आणि मला माय हवी होती. ती शेजारीच बसली होती.

मला भरती करून घेतलं. आधी बाळाचे ठोके ऐकवले. टप् टप् टप्, घोड्याच्या टापांसारखे. मी रडले आणि नर्सने न विचारताच पुन्हा ऐकवले. मग बाळाला चालतील अशी तापाची आणि जंतूंची औषधं सुरू झाली. औषध नको म्हणून थंडी घेतली आणि त्या थंडीपायी औषध घ्यावं लागलं, हे मी दुसऱ्या दिवशी हसून मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “हसताय म्हणजे ताप उतरला.”

वॉर्डात पहाटे झाडलोट, मग चहा, मग मलमपट्टी, मग दुपारभर पंख्याकडे बघणं. शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एक आजी होत्या. त्यांना खरूज. त्यांच्या घरच्यांना मॅडमनी मलमासोबत एक काम नेमून दिलं होतं, अंथरूण-पांघरूण, कपडे सगळे गरम पाण्यात धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. सून रोज गाठोडं नेई आणि आणी. आजी मला म्हणायच्या, “तुना किडाले थंडी, मना किडाले ऊन. कसा नखराळ शेत!” अक्कांसारखीच बोली ऐकून मला आधी दचकायला व्हायचं, मग बरं वाटायचं.

आबा रोज यायचे, पण दारातच थांबायचे. डबा नर्सच्या हाती द्यायचे. एकदा मी हाक मारली तर म्हणाले, “मी हाय इथं,” आणि तिथेच राहिले. जन्मभर ज्यांना गाव ‘डॉक्टर’ म्हणत आलं, ते माझे आबा दवाखान्याच्या दारात चपला हातात घेऊन उभे होते. ते मला हाताच्या ठणक्यापेक्षा जास्त दुखलं.

कोमट पाण्याचा उलगडा

जखम स्वच्छ झाल्यावर मॅडमनी पुन्हा कड खरवडून तपासली. परजीवी तसेच होते. मला कळेना. एवढी थंडी दिली, एवढा फोड उठला, कातडी गेली, मग हे कसे जगले?

“तुम्ही नेमकं काय काय केलंत, क्रमाने सांगा,” मॅडम म्हणाल्या. मी कापसापासून सुरुवात केली. कोमट पाण्याशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला. “थांबा. आबांना आत बोलवा.”

आबा आले. मॅडमनी विचारलं, “कांडी कोमट पाण्यात का धरता?”

“झपकन ऊब भेटली का जीव जगतो. हळूहळू वितळलं तं मरतो.”

“मग आबा, तुम्ही फोडात काय केलंत?”

मलाच आधी समजलं आणि मी खाटेवर उठून बसले. मॅडम म्हणाल्या, की मारायचं असेल तर झटकन गोठवायचं आणि हळूहळू वितळू द्यायचं, मग पुन्हा गोठवायचं. जगवायचं असेल तर आबा करतात तसं. शिवाय कांडीत जिवाला जपणारं द्रव्य आधीच घातलेलं असतं, कातडीत ते नसतं, म्हणून वरची कातडी गेली. खालचे बरेचसे वाचले, ते कोमट पाण्याच्या कृपेने.

“म्हणजे किडे मी जगवले?” आबा म्हणाले.

“जन्मभर जगवायचंच काम केलंत, हात तिकडेच जाणार,” मॅडम म्हणाल्या. आबांच्या चेहऱ्यावर हसू येईल असं मला वाटलं, पण ते आलं नाही. त्यांनी फक्त माझ्या पांघरुणाचं टोक नीट केलं. आत आले, एवढंही मला पुष्कळ होतं.

त्याच दिवशी अक्का भेटायला आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, कॅन, कापूस, ओघळ, कोमट पाणी. महारोग नाही हे मॅडमनी त्यांना आल्या आल्या समजावलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती. पण कॅन म्हटल्यावर त्या खाटेच्या कडेला येऊन बसल्या. त्यांच्या दारातली दोन्ही रेडकं अशाच कांडीची. आबांसारखाच एक माणूस भडगावला त्यांच्या गोठ्यात येतो. ती थंडी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

“मंग तो किडाच शे? जित्ता?”

“हो अक्का. मी पाहिला.”

“अन् थंडीमा मरस?”

“बरोबर दिली तर मरतो.”

आजाराला नुसतं महारोग हे नाव होतं तेव्हा अक्कांना त्याची भीती वाटत होती. आता त्याला गोठवून मारता येतं म्हटल्यावर तो आवाक्यातला झाला असावा. हात मात्र त्यांनी लावला नाही. बाळाबद्दल काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मापातली थंडी

हाताची कातडी पुरती सावरल्यावर मॅडमनी दवाखान्याच्या नायट्रोजनने फोड गोठवला. भोवतीची कातडी आधी झाकली. थंडी अगदी थोडी, थेट फोडाच्या कडेपर्यंत आणि त्याच्या किंचित बाहेर. मग आम्ही सगळे त्या पांढऱ्या गोलाकडे बघत बसलो, तो आपला आपण वितळेपर्यंत. कोमट पाणी कुणी आणलं नाही. मग पुन्हा एकदा. ठणका लागला, पण मी ठणक्यापेक्षा त्या गोलाची कड कशी आत सरकते तेच पाहत होते. आबाही पाहत होते, मान तिरकी करून, गोठ्यात पाहतात तसे.

असं मधूनमधून, जखम निवली की पुन्हा, नववा लागेपर्यंत चाललं. प्रत्येक वेळी खड्डा थोडा भरून यायचा. प्रशांत व्हिडिओ कॉलवर विचारायचा, “आता किती?” मी बोटांनी माप दाखवायची. त्याच्या साइटवर आणखी दोघांना तसेच फोड होते. ते त्या यंत्राची उष्णता घेऊन आले आणि बरे झाले. मी त्यांच्याकडून सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. यंत्रातल्या मापाच्या उष्णतेनेही डाग राहतोच, फक्त त्याचा रंग वेगळा.

ज्यांना असा न दुखणारा, न भरणारा फोड आलाय त्यांना माझं एवढंच सांगणं, आधी काचेखाली बघून घ्या. थंडी, उष्णता दोन्ही खऱ्या आहेत, पण त्या घरी करायच्या नाहीत. आमच्या घरात तर कॅन होता, तरी करायच्या नव्हत्या.

डावा हात

मुलगी झाली. जळगावला झाली, दुपारी. फोडाच्या जागी तेव्हा शेवटची पातळ खपली होती. नर्सने बाळाला गुंडाळून विचारलं, “कोणाकडे देऊ?” माय पुढे होती, पण अक्कांनी हात पुढे केले आणि मायने वाट दिली. त्या बाळाला घेऊन दाराकडे वळतील, असं मला खरंच वाटलं.

त्या माझ्या उजव्या बाजूला आल्या, थांबल्या आणि खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या. “डावा हातवर ले. जेवाना हात मोकळा पाहिजे,” म्हणत त्यांनी तिचं डोकं माझ्या कोपरात ठेवलं. खपलीवर त्यांनी आधी आपल्या पदराची घडी घातली होती.

असोद्याला बारसं झालं तोवर खपली गेली होती. कोपरात एक पांढरट गोल राहिला आणि त्यातून निघून मनगटाकडे जाणारी पांढरी रेघ. गोल मॅडमचा, रेघ आबांची. भडगावकडच्या दोघी बायका माझ्या हाताकडे बघून कुजबुजल्या. कोड हा शब्द मला ऐकू आला, तसा अक्कांनाही आला.

“कोड नही शे!” अक्का सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “किडा व्हता. इना बापनी म्हैसनी कांडीनी थंडी लाई दिधी व्हती!”

मांडवात हशा पिकला. मी आबांकडे पाहिलं. धुळ्यापासून ते त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. माझ्या हाताकडे बघायचं झालं तर आधी इकडेतिकडे बघायचे. आता सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

“अन् वरतून कोमट पान्यात धरलं,” ते म्हणाले. “ते राहिलंच ना तुमचं सांगायचं.”

मग ते स्वतःच हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. एवढा गलका झाला तरी पोर उठली नाही. तिचं डोकं त्या गोलावर होतं आणि एक मूठ आबांच्या रेघेवर.